पहिली तीन मिनिटं आणि खांद्यांची रुंदी

वाचकाचं पत्र (थोडक्यात)

मी मूळची सांगलीची. लग्नानंतर इंग्लंडला आले, आता लीड्सजवळ राहते. वय ४४, वजन ६० किलो. कोविडच्या काळात सायकल हातात घेतली ती सुटलीच नाही. आमच्या क्लबची दर मंगळवारी संध्याकाळी दहा मैलांची टाइम ट्रायल असते, ती मी नेमाने करते. पहिल्या वर्षी ३२ मिनिटं लागली, मग ३०, मग २८ मिनिटं ४० सेकंद. त्यानंतर दोन मोसम तिथेच अडकले आहे. मला २७ मिनिटांच्या आत यायचं आहे. आठवड्याला सहा तास सायकल चालवते. त्याहून जास्त जमणार नाही, नोकरी आहे, दोन मुलं आहेत. सायकल साधी रोड बाईक. पॉवर मीटर (पायांची ताकद वॅटमध्ये मोजणारं यंत्र) गेल्या वर्षी बसवला, शेवटच्या ट्रायलचा आलेख सोबत पाठवते. नवरा म्हणतो, तीन हजार पौंडांची खास टाइम ट्रायलची सायकल घेऊन टाक. क्लबातले म्हणतात, हल शहराजवळच्या व्ही ७१८ कोर्सला जा, वेळ आपोआप कमी होईल. आई फोनवर म्हणते, या वयात कुणाला मागे टाकायचंय? काय करू?

उत्तर

प्रिय ताई,

तीन हजार पौंड तूर्त बँकेत राहू द्या. तुम्ही पाठवलेल्या आलेखातच अर्धं उत्तर आहे. पहिली दोन मिनिटं तुम्ही २५० वॅटने पेडल मारलंय, परतीच्या शेवटच्या दोन मैलांत तुम्ही १७० वर आलात, आणि सरासरी निघाली १८८. म्हणजे तुमचे पाय १८८ वॅटच्या शर्यतीला पुरेसे आहेत, पण ते वॅट चुकीच्या जागी खर्च होतायत. उरलेलं अर्धं उत्तर तुमच्या खांद्यांत आणि डोक्यात आहे, ते हवेला किती आडवे येतात त्यात.

सदराच्या इतर वाचकांसाठी दोन ओळी. टाइम ट्रायलमध्ये एकेक सायकलपटू मिनिटामिनिटाच्या अंतराने सुटतो, कुणाच्या मागे आडोसा घ्यायला परवानगी नसते, आणि शेवटी फक्त घड्याळ बोलतं. इंग्लंडमध्ये ही पद्धत रुजली ती एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी. रस्त्यावरच्या घोळक्याच्या शर्यतींवरून पोलिसांशी खटके उडायला लागले, तेव्हा एफ. टी. बिडलेक यांनी १८९५ मध्ये एकेकाला सोडायची ५० मैलांची शर्यत भरवली. पुढे बरीच वर्षं या शर्यती भल्या पहाटे, नखशिखान्त काळे कपडे घालून, जवळजवळ गुपचूप होत. कोर्सला गावाचं नाव न देता सांकेतिक क्रमांक द्यायची रीत तेव्हापासूनची. ताईंच्या पत्रातला व्ही ७१८ हा त्यातलाच.

आता हिशेब. दहा मैल म्हणजे १६.१ किलोमीटर. २८ मिनिटं ४० सेकंद म्हणजे ताशी साधारण ३३.७ किलोमीटर, आणि २७ मिनिटं म्हणजे ३५.८. फरक दोन किलोमीटरचा दिसतो, पण हवेशी झुंजायला लागणारी ताकद वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते. सपाट रस्ता, वारा नाही, तुमचं आणि सायकलचं मिळून ७० किलो वजन, असं धरून मी आकडेमोड केली. आजच्याच बैठकीत (म्हणजे सायकलवर बसायच्या ढबीत), आजच्याच टायरवर २७ मिनिटं गाठायची तर तुम्हाला साधारण २२० वॅट लागतील. म्हणजे आहे त्याहून ३० पेक्षा जास्त. दोन मोसम एका जागी थांबलेल्या आणि आठवड्याला सहाच तास देऊ शकणाऱ्या माणसाला इतकी वाढ एका वर्षात क्वचितच साधते. नुसता व्यायाम वाढवून हे होणार नाही, म्हणूनच तुम्ही अडकलात.

पण दुसऱ्या बाजूने बघा. या वेगाला तुमच्या दर पाच वॅटमधले चार वॅट हवेत जातात. हवेचा अडथळा आठव्या हिश्शाने कमी केला आणि बरे टायर घातले, तर त्याच २७ मिनिटांना १९२-१९५ वॅट पुरतात. म्हणजे पायांकडून चार ते सात वॅटच जादा मागायचेत. हे शक्य आहे, आणि एका मोसमात शक्य आहे.

हवेचा अडथळा म्हटलं की सगळ्यांची नजर सायकलकडे जाते. पण अडथळ्याचा मोठा वाटा सायकलवर बसलेल्या माणसाचा असतो, पाऊण हिश्शाच्या आसपास. तीन हजारांच्या सायकलवर तुम्ही आजच्यासारख्याच ताठ बसलात तर हाती फारसं लागणार नाही. उलट आजच्या रोड बाईकच्या हँडलला पुढे झेपावणारे दोन दांडे आणि कोपरं टेकवायला गाद्या लावता येतात. त्यांना क्लिप-ऑन एरोबार म्हणतात, आणि शंभर पौंडांच्या आत बरे मिळतात. १९८९ च्या तूर द फ्रान्सचा शेवटचा दिवस आठवा: व्हर्साय ते पॅरिस, २४.५ किलोमीटरची टाइम ट्रायल. अमेरिकेचा ग्रेग लमाँड एकूण वेळेत फ्रान्सच्या लॉराँ फिन्याँच्या ५० सेकंद मागे होता. लमाँडच्या सायकलला असे एरोबार होते आणि डोक्यावर हवा कापणारं हेल्मेट. फिन्याँ उघड्या डोक्याने, पोनीटेल उडवत, साध्या हँडलवर. त्या छोट्या अंतरात लमाँडने ५८ सेकंद मिळवले आणि तीन आठवड्यांची शर्यत ८ सेकंदांनी जिंकली. त्या दिवशी त्याचे पाय जोरात होतेच, सगळं श्रेय दांड्यांना देणं बरोबर नाही. पण त्यानंतर टाइम ट्रायलमध्ये साध्या हँडलवर कुणी टिकलं नाही.

मात्र दांडे लावले म्हणजे काम झालं असं नाही, त्यावर बसायला शिकावं लागतं. पाठ खाली आली की मांडी पोटाकडे येते, कंबरेतला कोन मिटतो आणि जोर कमी होतो. म्हणून सीट एक-दोन सेंटिमीटर पुढे सरकवा. पुढे घेतली की पेडलपासूनचं अंतर किंचित कमी होतं, तेव्हा काही मिलिमीटर वरही करा. कोपरं खांद्यांच्या आत आणा. मान ताठ ठेवू नका, कानांकडे खांदे उचलून डोकं त्यांच्यामध्ये बसवा. बहुतेकांना सगळ्यात जास्त फायदा इथेच होतो, आणि त्याला पैसा लागत नाही. हँडल एकदम खाली करायचा मोह आवरा. दर दोन आठवड्यांनी एखादा सेंटिमीटर उतरवा, आणि श्वास कोंडतोय किंवा पॉवर पडतेय असं दिसलं की परत वर चढवा. खूप खाली गेलेली पण टिकत नसलेली बैठक काही कामाची नाही. तुम्हाला २७ मिनिटं न हलता राहता आलं पाहिजे, दर मिनिटाला उठून पाठ ताणावी लागली तर कमावलेलं सगळं जातं.

एक मात्र निक्षून सांगते. नजर समोरच्या रस्त्यावर हवी. तुमच्या कोर्सवर गाड्या शेजारून जातात, आणि डोकं पार खाली घालून, चाकाकडे बघत सायकल चालवणारे उभ्या गाडीवर आदळल्याचे प्रकार घडलेले आहेत. डोकं खाली आणि डोळे वर, एवढंच जमेल तितकीच बैठक स्वीकारा. मागचा-पुढचा दिवा दिवसाउजेडीसुद्धा चालू ठेवा.

बैठक सुधारली की नाही हे कसं कळणार? नवऱ्याला सायकलपेक्षा हे काम द्या. तुम्ही टर्बोवर (घरात सायकल जागेवरच चालवायच्या स्टँडवर) बसा आणि त्यांना समोरून आणि बाजूने मोबाईलवर व्हिडिओ काढायला सांगा. समोरून तुमची आकृती किती जागा व्यापते ते नुसत्या डोळ्यांनी दिसतं. मग वारा नसलेल्या एखाद्या रविवारी पहाटे, रिकाम्या सपाट रस्त्यावर दोन किलोमीटर जा आणि या, पॉवर १८० वर धरून. आधी जुनी बैठक, मग नवी, मग पुन्हा जुनी. जुन्या बैठकीच्या दोन्ही फेऱ्यांच्या वेळा एकमेकींशी जुळल्या आणि नवी त्याहून स्पष्ट कमी आली, तरच तो फरक खरा माना.

कपड्यांवर आणि टायरवर मात्र थोडे पैसे खर्च करा. तुमच्या फोटोत जर्सी पाठीवर फुगलेली दिसते. अंगाला चिकटून बसणारा एकसंध सूट घ्या, सुरकुती पडली तर एक माप लहान घ्या. पाठीवरचा नंबर चार कोपऱ्यांत टाचून सोडू नका, कडेकडेने भरपूर पिना लावून सपाट करा. टायर बहुधा पंक्चर टाळणारे जाड आहेत. ते कामावर जायला ठेवा, आणि मंगळवारसाठी मऊ कडेचे शर्यतीचे टायर लेटेक्सच्या ट्यूबसह वापरा. या एकाच बदलात ६-७ वॅट वाचतात असं माझा हिशेब सांगतो. दगडासारखी हवा भरू नका, खडबडीत रस्त्यावर फार कडक टायर उड्या मारतो आणि वेग खातो. चेन धुऊन कोरडी करून तेल द्या. हवा कापणारं हेल्मेट पुढच्या वर्षी घेतलं तरी चालेल.

आता पहिल्या तीन मिनिटांबद्दल, कारण मला सगळ्यात जास्त काळजी त्यांचीच आहे. मागून सीट धरणारा माणूस हात सोडतो, टाइमकीपर आकडे मोजतो, छाती धडधडते, आणि पहिली दोन मिनिटं २५० वॅटही हलके वाटतात. ते हलके वाटतात याचं कारण तुमची धाप आणि नाडी अजून मागे असतात. श्वासातून मिळणारा प्राणवायू कामाला पुरेसा पोचायला दीड-दोन मिनिटं जातात, तोवर शरीर मर्यादित राखीव साठ्यातून उसनं घेतं. तुमच्या टिकाऊ ताकदीच्या वर घालवलेला प्रत्येक सेकंद त्या साठ्यातून जातो, आणि वेग कमी केल्याशिवाय तो परत भरत नाही. तुम्ही तो पहिल्याच मैलात रिकामा करता. मग पाचव्या मैलापासून पाय जड होतात, सहाव्याला मन खचतं, आणि शेवटच्या दोन मैलांत १७० दिसतात. तुम्हाला वाटतं की आपली दमछाक होते, आपला दमच कमी आहे. दम कमी नाही.

पुढच्या मंगळवारी एवढंच करा. सुटल्यावर वेग येईपर्यंतचे दहा-पंधरा सेकंद सोडले, तर पहिली तीन मिनिटं १८५ च्या वर जाऊ नका. शेजारून कुणी पुढे गेलं तरी नाही. हे फार हळू वाटेल, आपण मोसम वाया घालवतोय असं वाटेल, तरी थांबा. चौथ्या मिनिटापासून १९०-१९५ धरा. शेवटची तीन मिनिटं मीटर बघू नका, उरलेलं सगळं द्या. पहिल्या वेळी शेवटी थोडं शिल्लक राहिलं तर चांगलंच, त्यातून पुढच्या आठवड्याचा आकडा ठरतो.

वारा असेल तर सारखी पॉवरसुद्धा अगदी योग्य नाही. समजा जाताना वारा समोरून आहे. पाच मैलांना तुम्हाला साडेपंधरा मिनिटं लागतात आणि येताना तेरा. म्हणजे संथ बाजूवर तुम्ही अडीच मिनिटं जास्त घालवता, तेव्हा वाचवता येण्यासारखा वेळही तिथेच जास्त आहे. म्हणून वाऱ्यात आणि चढावर चार-पाच टक्के वर जा, म्हणजे २००, आणि पाठीशी वारा असताना १८५ वर या. याहून मोठा फरक करू नका. बहुतेक जण नेमकं उलटं करतात. वाऱ्यात धीर सोडतात आणि परतीला वेग दिसला की चेव येऊन तुटून पडतात. राउंडअबाउटला वळताना आधीच गिअर हलका करा, नाहीतर वळून निघताना उभं राहून ताकद लावावी लागते.

सहा तासांत व्यायाम कसा बसवायचा? मंगळवारची ट्रायल हा एक कठीण दिवस झालाच. दुसरा कठीण दिवस शुक्रवारी टर्बोवर: आठ मिनिटांचे चार तुकडे, मध्ये चार-चार मिनिटं हळू, पॉवर १९०, आणि सगळं एरोबारवर वाकून. बैठकीतच सराव केला नाही तर शर्यतीत त्या बैठकीत जोर येत नाही. चौथा तुकडा पहिल्याइतकाच नीट झाला तर पंधरवड्याने ५ वॅट वाढवा. हिवाळ्यात, ट्रायल नसताना, मंगळवारी वीस मिनिटांचे दोन तुकडे १७०-१७५ वर करा. पंखा जोरात लावा, घरात उकाड्यानेच पॉवर पडते. रविवारी क्लबाबरोबरच्या लांब फेरीत मात्र मनापासून हळू चालवा. ही फेरी धड कठीण नाही धड सोपी नाही अशी होते, आणि शुक्रवार-मंगळवारची धार तिथेच बोथट होते. चढावर सगळ्यांना मागे टाकायची हौस तिथे नको. दर चौथ्या आठवड्याला काम निम्म्यावर आणा.

ट्रायलच्या दिवशी तीनेक तास आधी पोहे किंवा उपम्यासारखं हलकं काही खा. वीस मिनिटं अंग गरम करा, त्यात एकेका मिनिटाचे तीन जोरदार तुकडे घ्या, आणि सुटायच्या पाच-दहा मिनिटं आधी थांबा. कॉफीने फायदा होतो हे खरं, पण संध्याकाळी सातच्या शर्यतीसाठी सहाला कडक कॉफी घेऊन रात्री झोप उडाली तर बुधवार-गुरुवार त्याची किंमत मोजतात. मी तुमच्या जागी असते तर दर मंगळवारी नाही, मोठ्या शर्यतीलाच घेतली असती.

तुम्ही शाकाहारी आहात की नाही ते लिहिलं नाहीत. असाल तर जीपीकडे, म्हणजे तुमच्या नेहमीच्या डॉक्टरांकडे, फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा) आणि बी-१२ तपासून घ्या. पाळी सुरू असलेल्या, घाम गाळणाऱ्या बाईत लोह कमी असणं फार सामान्य आहे, आणि त्याने दोन मोसम रखडणं सहज शक्य आहे. ड जीवनसत्त्वाचंही तसंच. इंग्लंडात ऑक्टोबर ते मार्च सगळ्यांनीच रोज १० मायक्रोग्रॅम घेण्याचा विचार करावा असं एनएचएस (तिथली सरकारी आरोग्यसेवा) सांगतं, आणि आपल्यासारख्या सावळ्या त्वचेच्या लोकांनी तर वर्षभर.

आईंचा प्रश्न मला साधा वाटत नाही, म्हणून त्याचं नीट उत्तर देते. तुमच्या घरापासून जवळच्या मोर्लीत बेरिल बर्टन राहायच्या. लहानपणी संधिवाताच्या तापाने अंथरूण धरलेल्या, नंतर रुबार्बच्या (आंबट देठांच्या एका भाजीच्या) शेतावर राबणाऱ्या, एका मुलीची आई, आणि आयुष्यभर हौशी. १९६७ मध्ये बारा तासांच्या टाइम ट्रायलमध्ये त्यांनी २७७.२५ मैल कापले. पुरुषांमधला आघाडीवीर माइक मॅकनमारा त्याच दिवशी पुरुषांचा नवा विक्रम करत होता, आणि बर्टनबाईंनी त्याला गाठून मागे टाकलं. जाता जाता त्याला एक लिकोरिसची (ज्येष्ठमधाची) गोळी दिली. तो विक्रम बायकांमध्ये २०१७ पर्यंत टिकला. मोर्लीत त्यांच्या नावाची बाग आहे, मुलांना घेऊन जा आणि आईंना तिथून व्हिडिओ कॉल लावा. आणि वयाचंच म्हणाल तर चाळिशीपुढच्या सायकलपटूंची व्हेटरन्स टाइम ट्रायल्स असोसिएशन आहे. तिथे वयाप्रमाणे प्रमाण-वेळ ठरलेली असते आणि तिच्यापेक्षा तुम्ही किती कमी वेळ घेतलात ते मोजतात. तिथे नाव घाला. पन्नाशीतही आकडा सुधारत राहिल्याचा आनंद तिथे मिळतो, आणि तो खरा आनंद आहे.

राहता राहिला व्ही ७१८. तो कोर्स वेगवान आहे यात शंका नाही. रुंद रस्ता, भरपूर वाहतूक, आणि जाणाऱ्या ट्रकांनी ओढलेली हवा. पण वेळेवर असे बाहेरचे परिणाम किती होतात ते लक्षात घ्या. तुमच्या मंगळवारच्या कोर्सवरसुद्धा १० अंशांच्या संध्याकाळी आणि २५ अंशांच्या संध्याकाळी हवेच्या घनतेत पाच टक्के फरक पडतो, आणि तेवढ्याने तुमच्या वेळेत वीस-पंचवीस सेकंद इकडे-तिकडे होतात. एप्रिलमधली २८ मिनिटं ४५ सेकंद जुलैतल्या २८ मिनिटं ३० सेकंदांपेक्षा सरस असू शकतात. म्हणून वहीत वेळेशेजारी सरासरी पॉवर, तापमान, वारा आणि पहिल्या-दुसऱ्या अर्ध्याची पॉवर लिहा. दोन्ही अर्ध्यांचे आकडे एकमेकांच्या पाच वॅटच्या आत आले, आणि तीच पॉवर आधीपेक्षा जास्त वेग देऊ लागली, की हलला जायची वेळ झाली असं समजा. ऑगस्टमधला एखादा उबदार, शांत दिवस बघा, रस्त्यावरच्या गाड्यांची मनात धास्ती वाटत नसेल तरच नाव द्या, आणि तिथली वेळ वहीत वेगळ्या पानावर लिहा.